जुन्या लाइट कास्टिंग काठ्या: पुन्हा पाण्यावर नेता येतील का?

माळ्यावरचा_माल

नमस्कार मंडळी. घराचं रंगकाम काढलंय, त्यात माळ्यावरून तीन काठ्या निघाल्या. मामा मर्चंट नेव्हीत होते. सत्तर-ऐंशीच्या दशकात बोटीवरून येताना त्यांनी आणलेल्या. सगळ्या लाइट कास्टिंगच्या आहेत, म्हणजे रीळ वर बसतं, गाईड (दोरी ओवायच्या कड्या) वर आणि खाली बोट अडकवायला ट्रिगर.

पहिली साडेपाच फुटी, एकसंध, फायबरग्लास, पिस्तूल ग्रिप. चार गाईड आणि टोकाची कडी. एवढंच वाचता येतं: १/४ ते ५/८. दुसरी सहा फुटी, तीही फायबरग्लास, दोन तुकड्यांची, मधला जोड धातूचा आणि तो जाम अडकलाय. तिसरी काळी ग्राफाइटची, टोक तीनेक इंच मोडलेलं.

मी आजवर फक्त स्पिनिंग रॉड (रीळ खाली लटकतं तो) वापरलाय, उत्तन-गोराईच्या बाजूला. या काठ्यांवर खर्च करण्यात अर्थ आहे का? कुठून सुरुवात करू? फोटो उद्या टाकतो.

सुरमई_फ्राय

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. दोन-अडीच हजारात आज बरी ग्राफाइट काठी येते, वजनाला निम्मी. गाईड, ते बांधायचा दोरा, त्यावर लावायचं इपॉक्सी, काठी फिरवत वाळवायला मोटर असा खर्च करत बसाल तर त्यातच नवी काठी येईल. मामांची आठवण म्हणून एक भिंतीवर लावा, बाकीच्या दोन शेवग्याच्या शेंगा काढायला.

बांद्यावरचो

फेकून कित्याक देतंस? माका दी.

खाडीकाठ

सुरमईशेठ, पैशाचा हिशोब तुमचा बरोबर आहे. पण नव्या स्वस्त काठीत जे मिळत नाही तेच या जुन्या ग्लासमध्ये असतं: ती मुठीपर्यंत वाकते. ग्राफाइटच्या काठ्या बाजारात आल्या १९७३ च्या सुमारास आणि मग दहा-पंधरा वर्षांत सगळे हलक्या, कडक काठ्यांच्या मागे लागले. सध्या तिकडे अमेरिकेत बास मासा धरणारे लहान क्रँकबेटसाठी (ओढलं की डुलत जाणारं खोट्या माशाचं आमिष) मुद्दाम फायबरग्लास शोधतात. कारण साधं आहे. तीनतोंडी गळ माशाच्या ओठात जेमतेम रुतलेला असतो, कडक काठीने झटका दिला की फाटून सुटतो. ग्लास उशिरा उत्तर देते, म्हणून गळ टिकतो.

माल साहेब, पैसे काढण्याआधी एक ठरवा: काठी कशासाठी हवी? मरळीला बेडूक टाकून झुडपातून ओढून काढायचं असेल तर ही काठी नको, तिथे ताकदीची लागते. खाडीत जिवंत कोळंबीवर काळुंद्र, लहान तांबोशी, तलावात चिलापी, यासाठी पहिली काठी छान आहे. १/४ ते ५/८ म्हणजे औंसात आमिषाचं वजन, साधारण ७ ते १८ ग्रॅम. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, ८ ते १२ पौंड ताण सोसणारा पुरे. वेणीचा दोरा, म्हणजे ब्रेड, लावणार असाल तर जुने गाईड काढावेच लागतील. जुन्या क्रोमच्या कड्यांत ब्रेड करवतीसारखा खाच पाडतो.

आता तपासणी. खर्चाचा निर्णय इथेच होतो.

ब्लँक, म्हणजे मूठ आणि गाईड सोडून नुसती काठी, ओल्या कापडाने पुसून वाळवा. मग कापसाचा बोळा मुठीपासून टोकापर्यंत फिरवा. कुठे धागे अडकले तर तिथे तंतू उघडे पडलेत किंवा चीर आहे. फायबरग्लासवर कधी पांढुरका डाग दिसतो, तिथे आतून मार लागलेला असतो. एखादा छोटा डाग चालतो, पण काठीभोवती गोल फिरलेला असेल तर ती काठी भिंतीवरच. ग्राफाइटवर नखाने टकटक करत जा, आवाज जिथे बद्द होतो तिथे थांबून नीट बघा.

गाईडच्या कड्यांतून कान साफ करायची काडी फिरवा. कापूस जिथे अडकेल तिथे तंगूस कापला जाणार. सिरॅमिकच्या कडीला डोळ्याला न दिसणारी चीर असते, ती अशीच सापडते.

माळ्यावरचा_माल

वा, एवढं सविस्तर! पहिलीवर बोळा कुठेच अडकला नाही. टोकाच्या कडीत मात्र खाच नखाला लागते. दोन गाईडच्या पायाशी गंज फुगून दोरा वर आलाय. बाकी दोरा ठीक दिसतो, फक्त वरचं वार्निश तडकलंय.

जुनं_ते_सोनं

थांबा. मूळ दोरा सोडवू नका! ही स्वीडिश किंवा अमेरिकन काठी असेल तर मूळ गुंडाळी, मूळ लेबल, मूळ गाईड यांनाच किंमत असते. एकदा नवा दोरा बांधला की ती संग्राहकाच्या कामाची उरत नाही. आधी फोटो टाका, मेकर कळू दे.

खाडीकाठ

मान्य आहे, पण अर्धंच. लेबल वाचता येत नाही, गाईड गंजलेत, मग संग्राहक तरी काय देणार? आणि मामांनी ती मासे धरायलाच आणली होती ना.

मधला मार्ग आहे. जिथे दोरा शाबूत आहे आणि फक्त वार्निश तडकलंय, तिथे बारीक पाणकागदाने हलकं घासा, पुसा आणि वरून एकच पातळ थर द्या. जिथे गंज आहे तिथलाच दोरा काढा. लेबलला हात लावू नका, त्याच्यावरही एक थर बसू दे, म्हणजे उरलेली अक्षरं टिकतील. अ‍ॅसिटोन त्या बाजूला आणूच नका, अक्षरं गेली तर परत येणार नाहीत.

माळ्यावरचा_माल

दोरा काढायचा कसा? ब्लेडने कापताना काठीवर ओरखडा येईल अशी भीती वाटते.

खाडीकाठ

भीती योग्य आहे. अनेक चांगल्या काठ्या याच पायरीवर मेल्यात. ब्लेड ब्लँकवर कधीच चालवायचं नाही. गाईडचा धातूचा पाय असतो ना, बरोबर त्याच्या पाठीवर, धातूवर, काठीच्या लांबीच्या दिशेने ब्लेड ओढायचं. दोरा तिथे तुटला की बाकीचा नखाने सोलत काढायचा. जुनं वार्निश असेल तर खरवडून निघतं. इपॉक्सी असेल तर हेअर ड्रायरने कोमट करा, हाताला सोसेल इतकंच, आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ढकला. सुरी, पटाशी काही नको. ग्लास घासताना नाकाला मास्क लावा, ती धूळ घशात फार त्रास देते.

रीळवाला_पुणे

एक भर. गाईड काढलेतच तर चारच परत बांधू नका. कास्टिंग रॉडला गाईड वर असतात, त्यामुळे काठी वाकली की दोन गाईडमधला तंगूस ब्लँकवर घासतो. त्या काळी गाईड कमी लावत, आणि हीच जुन्या काठ्यांची मोठी अडचण. अंगठ्याचा नियम: जितके फूट, तितके गाईड आणि वर एक. साडेपाच फुटाला सहा, आणि टोकाची कडी वेगळी.

जागा मोजपट्टीने ठरवू नका, काठीलाच विचारा. सगळे गाईड आधी मास्किंग टेपने चिकटवा. मूठ टेबलाला बांधा, काठी तिरकी वर. तंगूस सगळ्यांतून ओवून टोकाला रिकामी अर्ध्या लिटरची बाटली लटकवा आणि तिच्यात थोडं थोडं पाणी ओतत जा. काठी हळूहळू वाकते. आता बाजूने बघा. तंगूस कुठे ब्लँकला टेकतोय? त्या जागेच्या बाजूचा गाईड अर्धा इंच सरकवा, परत बघा. एका बैठकीत काम होतं, आणि बघत बसायला मजाही येते. घरचे विचारतील काय चाललंय, तेवढी तयारी ठेवा.

दोरा_सुई

मी मासे धरत नाही, खातेही क्वचितच! पण भरतकाम आणि बुकबाइंडिंग करते, आणि नवऱ्याच्या काठ्यांना दोरा मीच बांधून देते, म्हणून लिहिते.

दोऱ्याबद्दल: हलक्या काठीला ए नंबरचा नायलॉन दोरा लागतो. जाड दोरा बांधलात तर त्यावर इपॉक्सीही जास्त बसतं आणि टोक उगाच जड होतं. शिलाईचा साधा पॉलिएस्टर दोरा नको, त्याला लव असते. इपॉक्सी लावलं की ती उभी राहते आणि सगळं केसाळ दिसतं. मशीन एम्ब्रॉयडरीचा चकचकीत पॉलिएस्टर दोरा मात्र चालतो, रंगही भरपूर मिळतात. एक लक्षात ठेवा: इपॉक्सी लागलं की दोरा जरा पारदर्शक होतो आणि गडद दिसतो. लाल घेतला तर मरून दिसेल. रंग जसाच्या तसा हवा असेल तर आधी कलर प्रिझर्व्हर लावावा लागतो. मला तो गडदपणाच आवडतो.

बांधायची रीत: काठीवर दोरा एकदा घ्या, मग त्याच्याच अंगावरून फिरवा म्हणजे टोक आत दाबलं जातं. पाच-सहा वेढे झाले की उरलेलं टोक कापा. वेढे एकमेकांना खेटून, पण एकावर एक नाही. ताण यायला दोऱ्याचं रीळ एका वाटीत ठेवा आणि दोरा जाड पुस्तकाच्या पानांतून ओढून घ्या, पुस्तकावर वजन. हाताने ताण धरत बसलात तर बोटं दुखतील आणि वेढेही सारखे येणार नाहीत. शेवटचे आठ-दहा वेढे उरले की दोऱ्याचाच एक फासा करून त्यावर वेढे घ्या. दोरा कापा, टोक फाशात ओवा आणि फासा ओढून घ्या. टोक वेढ्यांच्या खाली जातं, गाठ मारायची गरजच नाही. वेढ्यांत फट राहिली असेल तर चमच्याच्या पाठीने हळू दाबत सरकवा.

आणि फार घट्ट नको. बांधून झाल्यावर गाईड बोटाने किंचित हलवता आला पाहिजे. सगळे एका रेषेत आणायचे ते तेव्हाच.

रीळवाला_पुणे

ताई, हे वाखुसा केलं, म्हणजे वाचनखूण साठवली. एक पुरवणी: बांधण्याआधी गाईडच्या पायाची टोकं कानसेने घासून पातळ करा. नाहीतर दोरा ब्लँकवरून पायावर चढताना पायरी पडते, तिथे फट राहते आणि पुढे खारं पाणी तिथूनच आत शिरतं.

सुरमई_फ्राय

वाचतोय. (शेवग्याचं विधान मागे घेतलेलं नाही.)

माळ्यावरचा_माल

दोरा_सुई, खूप आभार! आता इपॉक्सीचं सांगा कोणी. घरात पाच मिनिटांत सुकणारं आहे, ते चालेल?

खाडीकाठ

नाही. ते पसरायच्या आतच घट्ट होतं, पुढे पिवळं पडतं आणि काठी वाकली की तडकतं. रॉड फिनिश म्हणून दोन भागांचं इपॉक्सी मिळतं, तेच घ्या. दोन्ही भाग समान मापाने घ्यायचे असतात आणि अंदाजाने घेतलं तर चिकट राहतं, कधीच वाळत नाही. मोजायला सिरिंज वापरतात. पण औषधाच्या दुकानातली काळ्या रबरी दट्ट्याची सिरिंज घेऊ नका. तो दट्ट्या सरकावा म्हणून सिलिकॉन लावलेलं असतं. ते इपॉक्सीत उतरलं की दोऱ्यावर जागोजागी गोल खळगे पडतात, कितीही थर द्या, बुजत नाहीत. दट्ट्यासकट पूर्ण प्लास्टिकची सिरिंज मिळते, ती घ्या. दोन भागांना दोन वेगळ्या.

थर पातळ द्या. एका जाड थरापेक्षा दोन पातळ. बुडबुडे आले तर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून लांबूनच एकदा फिरवा.

आणि काठी फिरत राहिली पाहिजे, नाहीतर इपॉक्सी ओघळून खाली पोट धरतं.

रीळवाला_पुणे

मोटरीसाठी फार खर्च नको. कूलरच्या पट्ट्या हलवणारी छोटी सिंक्रोनस मोटर येते, किंवा मायक्रोवेव्हची काच फिरवणारी. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. पाच-सहा आरपीएम पुरेसे. मायक्रोवेव्हची घेतलीत तर तिच्यावरचा व्होल्टेज वाचा, काही मोटरी २३० व्होल्टच्या नसतात. मूठ मोटरीला बाटलीचं झाकण आणि टेपने जोडा, दुसरं टोक इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेत ठेवा.

मोटर नसेल तर पहिला दीड-दोन तास दर काही मिनिटांनी पाव फेरा हाताने. क्रिकेटची मॅच लावा आणि बसा.

भरतीओहोटी

पण हे सगळं आत्ता, पावसात? हवेत एवढा दमटपणा असताना इपॉक्सी नीट बसतं?

खाडीकाठ

योग्य प्रश्न. दमट हवेत वर धुरकट, चिकट पापुद्रा धरतो. पण दुसरीकडे बघा: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी, किनाऱ्यावर उधाण, आपण तरी कुठे जाणार? कोळीवाड्यात याच दिवसांत जाळी विणतात. काठ्यांचं कामही तेव्हाच उरकावं.

दोरा बांधणं, गाईड घासणं, कॉर्क साफ करणं, सगळं पावसात करा. इपॉक्सीचा दिवस मात्र निवडून घ्या. एसीची खोली असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर लांब खोका घ्या, आत पिवळा जुना ४० वॅटचा बल्ब लावा, काठीपासून अंतर ठेवून. हवा कोरडी राहते.

न्यूजर्सीकर

इकडून दोन पैसे. इथे गॅरेज सेलमध्ये साठ-सत्तरच्या दशकातल्या ग्लास काठ्या किरकोळ किमतीला पडलेल्या असतात. ईगल क्लॉची पिवळी फेदरलाइट तर अजून नवी विकत मिळते, तीही फायबरग्लासच, आणि लोक हौसेने घेतात.

माल साहेब, तुमच्या दुसऱ्या काठीच्या अडकलेल्या जोडाबद्दल कोणी बोललं नाही. पिळू नका, प्लीज. गाईडला धरून तर मुळीच नाही. दोन माणसं समोरासमोर उभी राहा. प्रत्येकाने एक हात जोडाच्या या बाजूला, एक त्या बाजूला ठेवायचा आणि दोघांनी एकाच वेळी सरळ ओढायचं. एकटेच असाल तर काठी गुडघ्यांच्या मागे धरा, हात गुडघ्यांच्या बाहेरून जोडाच्या दोन्ही बाजूंना आणि गुडघे फाकवा. निघाली नाही तर जोडावर बर्फ धरून परत प्रयत्न करा. निघाल्यावर आतलं हिरवट पावडर कापडाने काढा. पुढच्या वेळी लावताना आतल्या भागाला मेणबत्ती एकदा फिरवा.

माळ्यावरचा_माल

बायको आणि मी, दोघांनी ओढली. निघाली! बर्फाची गरज पडली नाही. सासूबाई हसून हसून खाली बसल्या.

पहिलीच्या कॉर्कला भोकं पडलीत आणि काळा पडलाय. नवी मूठ घेऊ?

खाडीकाठ

मूठ अजिबात बदलू नका. भांड्याच्या साबणाने आणि हिरव्या घासणीने ओला करून हलका चोळा, काळं बरंच निघेल. वाळल्यावर ३२० चा पाणकागद. घासताना पडलेला भुसा जपून ठेवा आणि फेव्हिकॉलमध्ये कालवून भोकांत भरा. वाळला की परत ४०० ने एक हात. जुना कॉर्क बहुतेक वेळा आजच्या स्वस्त काठ्यांपेक्षा दाट असतो, तो टाकवत नाही.

पिस्तूल ग्रिपच्या सांध्यावर पांढरी पूड दिसते का ते बघा. आतला भाग ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा असतो, खाऱ्या पाण्याने फुगतो. ब्रशने काढा आणि स्क्रूला थेंबभर तेल द्या.

भरतीओहोटी

स्पायरल रॅपचा विचार केलात का? मुठीजवळचा पहिला गाईड वर, मग दोन-तीन गाईड बाजूने फिरवत खाली आणि टोकापर्यंतचे सगळे खाली. मासा लागला की कास्टिंग रॉड हातात पिळ खातो, कारण तंगूस वर आणि ओढ खाली. स्पायरलमध्ये तो पिळ जातो, शिवाय तंगूस ब्लँकवर घासत नाही म्हणून गाईडही कमी लागतात. नाहीतरी सगळे सोडवणारच आहात.

जुनं_ते_सोनं

मग तर काठी ओळखूसुद्धा यायची नाही. 😖

खाडीकाठ

तांत्रिकदृष्ट्या भरतीओहोटी बरोबर आहेत. पण पहिलीवर नको, तिथे अर्धे गाईड मूळचेच राहताहेत. तिसऱ्यावर करा, ग्राफाइटवर. तिला मूळ असं काय उरलंय?

तिसरीचं टोक मोडलेलं आहे ना, तीन इंच गेलं तर काही बिघडत नाही. तुटका भाग बारीक दाताच्या करवतीने सरळ कापा, पक्कडीने तोडू नका, तंतू उलगडतात. मग तिथल्या जाडीची नवी टोकाची कडी. कडीच्या नळीचं माप ६४ भागांच्या इंचात असतं: ५ नंबर म्हणजे ५/६४ इंच, जवळपास २ मिमी. व्हर्नियर नसेल तर ड्रिल बिट शेजारी धरून बघा.

कडी हॉट ग्लूने चिकटवा. नळी गरम करा, ब्लँक नाही. फेव्हिक्विक, इपॉक्सी इथे नको, कारण ही कडी परत कधीतरी बदलावी लागणारच आणि तेव्हा ऊब देऊन निघाली पाहिजे. काठी आता आधीपेक्षा थोडी ताठ वागेल, आमिष दोन-चार ग्रॅम जड टाकावं लागेल, बस.

आणि ग्राफाइट वीज वाहून नेतं. खाडीवर वरून तारा जातात तिथे ही काठी उभी धरून चालू नका. वीज कडाडायला लागली की आडवी ठेवून बाजूला व्हा.

दोरा_सुई

स्पायरल करणार असाल तर बांधण्याआधी बाटलीची परीक्षा परत घ्या हं. बाजूचे गाईड कुठल्या कोनात बसवायचे ते डोळ्याला पटकन कळत नाही. टेपवर पेनाने खुणा करा.

माळ्यावरचा_माल

ठरलं. पहिलीवर दोन गंजके गाईड आणि टोकाची कडी नवी, मधे दोन जास्तीचे गाईड, बाकी दोऱ्यावर फक्त एक थर. बाटलीची परीक्षा घेतली, तिसऱ्या आणि चौथ्या गाईडमध्ये तंगूस चांगला टेकत होता, रीळवाल्यांनी सांगितलं तसंच. दोरा तपकिरी घेतलाय. कूलरची मोटर मिळाली, पाच आरपीएम. दुसरी काठी फक्त साफ करून ठेवतोय, तिचे गाईड चांगले आहेत. तिसरी स्पायरल.

रीळ कुठलं लावू? माझ्याकडे सगळी स्पिनिंगची.

रीळवाला_पुणे

या वजनाला लहान लो-प्रोफाइल बेटकास्टर (कास्टिंग काठीवर बसणारं चपटं रीळ) पुरे. गोल जुनं रीळ शोभतं खरं, पण पिस्तूल ग्रिपवर मनगट दुखतं. सुरुवातीला रिळाचा ब्रेक पूर्ण चढवून ठेवा आणि १२-१४ ग्रॅमचं शिसं टाकून मैदानात सराव करा. ग्लास काठीला हिसका देऊ नका, तिला वाकायला वेळ द्या, मग सोडा. स्पिनिंगची सवय असलेला माणूस घाई करतो आणि तंगुसाचं घरटं होतं.

सुरमई_फ्राय

दुसरी काठी नुसती साफ करून ठेवताय म्हणता, ती विकणार का?

बांद्यावरचो

ओ, मी आधी मागलंय हां!

माळ्यावरचा_माल

विकत नाही. पण सप्टेंबरात वेंगुर्ल्याला येतोय, बांद्याहून या, एक दिवस वापरायला देतो. गरी तुमची, कोळंबी माझी.